फळीवरचा डावा पाय

तुम्ही उभे राहता तेव्हा कोणता पाय पुढे टाकायचा, हे तुम्ही स्वतः ठरवलंत की दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी आधीच ठरवून ठेवलं होतं? उत्तराची घाई करू नका. सोळा वर्षांची होईपर्यंत माझीही अशीच समजूत होती की माझे पाय माझे आहेत.

हा प्रश्न मला एका फळीवर पडला. रब्बीच्या पेरणीआधी रान वखरलं तरी ढेकळं उरतात. बैलांच्या मागे बाभळीची जड फळी आडवी बांधून ओढली की ती फुटतात आणि रान सारखं होतं. पण रिकामी फळी ढेकळांवरून नुसती उड्या मारत जाते, म्हणून तिच्यावर वजन लागतं. कुणी दगड ठेवतं, कुणी लेकरं बसवतं, आणि ज्याला जमतं तो हातात कासरा धरून स्वतःच वर उभा राहतो. बैल पुढे, खाली हलती जमीन, आणि आपण मधे.

आमच्या फळीला बानं चार भोकं पाडून त्यातून अंबाडीच्या दोरीचे दोन फासे ओवले होते, पाय घालायला. एक फासा पुढच्या कडेजवळ उजव्या अंगाला, दुसरा मागच्या कडेजवळ डाव्या अंगाला. पुढच्या पावलाचं तोंड बैलांच्या शेपट्यांकडे, मागच्याचं डावीकडच्या बांधाकडे. माणूस असा तिरपा उभा राहिला म्हणजे फळी उसळली तरी तोंडावर पडत नाही. भोकं ज्या रेषेत असतील तसं पाऊल वळतं, पाऊल वळेल तसा गुडघा वळतो आणि गुडघा वळेल तसं सगळं अंग. ज्यानं भोकं पाडली त्यानं तुमचं अंग ठरवलं.

हे सगळं मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला एकच गोष्ट कळत होती. त्या फळीवर शेजारच्या रानातली पोरगी माझ्यापेक्षा चांगली उभी राहते, आणि ते मला सहन होत नाही.

आधी आमच्याबद्दल सांगते. आमचं गाव कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाताना सडकेपासून आत. गावात आमच्या लोकांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. मी पत्रकांवर वाढले. माझा मामा नांदेडला एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि शाई सांडलेली, वाकडी छापलेली पत्रकं गठ्ठ्यानं घरी आणायचा. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. मला पहिल्यांदा सलग वाचता आले ते शब्द होते ‘बंधू आणि भगिनींनो’. आमच्या घरात देव नव्हते. धम्म घेतला तेव्हा बानं ते टोपलीत भरून नदीत सोडले होते, असं माय सांगायची. देवळीच्या जागी पत्रकं चिकटवलेली होती.

आमची थोडी जमीन होती. अर्धी काळी, ओढ्याच्या कडेची. अर्धी बरड, टेकडीच्या पोटाची, मुरमाड. मोठ्या दुष्काळानं आमचा एक बैल नेला. शेजारच्या रानातल्या तात्यांचाही एक नेला. तात्या धनगर. त्यांचे दोन्ही लेक मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले. दोन घरांत एकेक बैल म्हणजे दोन्ही घरं बिनबैलाचीच. म्हणून त्यांनी सावड केली. आमचा बैल उजवीकडे, त्यांचा डावीकडे, एक दिवस त्यांचं रान, एक दिवस आमचं. गावात थोडी कुजबुज झाली, पण पेरणी कुजबुजीसाठी थांबत नाही. पहिल्या दिवशी दुपारी तात्यांचं घर लिंबाखाली जेवायला बसलं आणि आमचं बाभळीखाली. बैल एका जुवाखाली आणि माणसं दोन झाडांखाली. मी तेव्हाच मनात म्हटलं, यावर एक पत्रक लिहायचं.

तात्यांची पोरगी मात्र आपली भाकर घेऊन सरळ आमच्या बाभळीखाली आली आणि माझ्या मायजवळ बसली. “तुमचा ठेचा लई तिखट असतो म्हणत्यात,” ती म्हणाली. मायनं तिच्या भाकरीवर ठेचा ठेवला. तिनं तो खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि अजून मागितला. जे करायला मी पत्रक लिहिणार होते, ते ती भाकर हातात घेऊन करून बसली. हेव्याचा पहिला काटा तिथेच लागला.

आता फळीवर कोण? बाचा गुडघा सडकेच्या कामावर दगडाखाली आला होता, त्याला तोल धरवत नव्हता. तात्या म्हातारे. राहिलो आम्ही दोघी, एकाच वयाच्या. गावात बाईनं औत धरायचं नाही अशी रीत होती. तात्यांनी ती एका वाक्यात मोडली. “औत कुठं धरायलीत त्या? वजन म्हणून उभ्या हायेत. वजनाला बाई-बाप्या नसतोय.” म्हणजे आमचा नंबर दगडाच्या जागी लागला. मला ते फार झोंबलं. तिला हसू आलं.

पहिले काही दिवस आम्ही आळीपाळीनं उभ्या राहिलो. मग सडकेच्या मुकादमाचा निरोप आला की खडी फोडायला प्रत्येक घरातून एक माणूस घेतोय. आमच्या घरून दरवेळी मायच जायची. पण तिचा खोकला वाढला होता आणि बाला तिला घरी बसवायचं होतं. तात्यांच्या घरून कुणीच जात नव्हतं. एक पोरगी फळीवर पुरत होती. दोघा बापांनी बांधावर बसून ठरवलं की दसऱ्याच्या आत बघू. जिचं फळीवर जमेल ती पेरणी होईपर्यंत फळीवर. दुसरी दोन्ही घरांच्या वतीनं खडीवर.

खडी म्हणजे काय ते ज्यांनी फोडली त्यांनाच ठाऊक. उन्हात बसायचं, पायाच्या अंगठ्यानं दगड धरायचा, हातोडीनं फोडायचा. कपच्या डोळ्यांकडे उडतात. दुष्काळात मी एक हंगाम ते केलं होतं. पुन्हा जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नुसत्या खडीला मी भीत नव्हते. मी खडीवर असेन आणि ती फळीवर असेल, हे मला बघवणार नव्हतं.

कारण ती उभी राहायची कशी ते सांगते. परकर गुडघ्याशी खोचायचा. उजवा पाय पुढच्या फाशात, डावा मागच्या. कासरा एका हातात, दुसरा हात नुसता सोडलेला, पंखासारखा. गुडघे कधी ताठ नाहीत, कधी फार वाकलेले नाहीत. ढेकूळ आलं की ती आधीच हलकी व्हायची, जणू फळीखालचं तिला तळव्यानं दिसत होतं. फळी तिच्याखाली पाण्यावरून गेल्यासारखी जायची. वळणावर बैल डावीकडे वळले की तीही डावीकडे झुकायची, तोंड वळणाकडे, आणि फळीचं मागचं टोक धुरळ्याचा पंखा उडवत फिरायचं. सडकेनं जाणारे लोक सायकलवरून उतरून बघायचे. माझी माय, माझी सख्खी माय, म्हणाली, “बघ की कशी उभी राहती. बाहुली ठेवल्यावानी.”

आणि मी? माझी फळी थांबत थांबत जायची. सरळ चालताना जमायचं, दात खाऊन. पण प्रत्येक वळणावर माझं अंग उलट्या बाजूला ओढलं जायचं. मी मागे बसून पडायचे, कधी बाजूला, एकदा तर बैलाच्या पायाशी. ढेकळावर पडलं की लागत नाही असं म्हणतात. ते म्हणणारा ढेकळावर पडलेला नसतो.

“तू फळीवर उभी राहती का फळीशी भांडती?” ती बांधावरून विचारायची.

“मला सवय व्हायची आहे.”

“सवय लाव. दसरा लांब न्हाई.”

मी तिची नक्कल करायला लागले. बांधावर बसून तिचे पाय बघायचे. दोन पावलांत किती अंतर. तिच्या खांद्यांच्या रुंदीइतकं, वर एक वीत. पुढचं पाऊल किती वळलेलं, मागची टाच फळीवर किती टेकलेली. घरी अंगणात विळ्यानं रेघा ओढायच्या आणि त्यावर तशीच उभी राहायचे. तिचं अंतर माझ्या अंगाला मोठं पडायचं, मी तिच्यापेक्षा बुटकी. तरी मी पाय ताणून ताणून तेच अंतर धरायचे, कारण तिचं होतं. रानात गेलं की पुन्हा पडायचे. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी जोरात.

एका संध्याकाळी ओढ्यावर मी तिला ऐकवलं. मला राग आला की मी पत्रकातलं बोलते, ही माझी खोड तेव्हाही होती. मी म्हटलं, “श्रम करणाऱ्या माणसांत चढाओढ लावणं हा मालकांचा जुना डाव आहे.”

तिनं घागर खाली ठेवली. “मालक कोण हितं?”

“म्हणजे, आपले बाप.”

“माझ्या बापाच्या अंगावर धोतर धड न्हाई, अन् मालक म्हनती त्याला.” ती हसली. “तुझं ते पत्रक फळीखाली घाल बरं उद्या. ढेकूळ फुटतं का बघू.”

मी पाण्याकडे तोंड करून घागर भरत राहिले. तेवढ्यात तिनं मागून मला ढकललं. चेष्टेनं, पण जोरात. माझा एक पाय पाण्यात पडला आणि मी सावरले. वळून शिवी देणार, तर ती हसत नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती.

“परत उभी राहा,” ती म्हणाली.

“काहून?”

“राहा म्हनलं तर.”

मी उभी राहिले. तिनं पुन्हा ढकललं, मी तयार नसताना. पुन्हा तोच पाय पुढे पडला, डावा. तिनं स्वतःची पाठ माझ्याकडे केली. “आता मला.” मी ढकललं, जरा जास्तच मनापासून. तिचा उजवा पडला.

“तुझा डावा आधी पडतो गं,” ती म्हणाली. “मेंढरांत बी असतंय. ओढ्यात उतरताना एखादीचा डावाच आधी. तिला उजव्यानं उतरव म्हनलं तर ती पडती.”

मला मेंढरासारखी म्हटलं याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. दुसराच आला. म्हणजे इतके दिवस मी मूर्खासारखी पडत होते ते माझ्या कमीपणामुळे नाही. ती फळी तिच्या पायाची होती. आमच्या बाभळीची, माझ्या बापानं भोकं पाडलेली, आमच्या अंबाडीच्या दोरीची फळी, आणि ती तिच्या पायाला बसत होती. माझ्या घरातसुद्धा तिची जागा तयार होती आणि माझी नव्हती. हेव्याचं रूप बदललं, पण तो कमी झाला नाही. उलट त्याला आता कारण मिळालं.

घरी येऊन मी आधी फळी फिरवून पाहिली. मला वाटलं, मागची कड पुढे केली तर डाव्या पायाची होईल. केली, तर उजवाच पाय पुढे. पुन्हा फिरवली, पुन्हा उजवाच. हातभर रुंद फळीवर तिरपे घातलेले दोन फासे. कसेही फिरवा, तीच तिरपाई परत येते. पालथी घालावी तर खालून लोखंडी पट्टी मारलेली. त्या फळीला किती वेळा गोल फिरवलं कुणास ठाऊक. शेवटी बा बाहेर आला.

“काय चाललंय?”

“बा, फासे उजव्या पायासाठी काहून पाडले?”

“मग कोणत्या पायासाठी पाडायचे?” त्याला प्रश्नच कळला नाही. “उजवा पाय आधी. शुभ काम असतंय पेरणीचं...” आणि तो थांबला.

उंबऱ्यात माय होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. मुहूर्त, अपशकुन, मांजर आडवं जाणं, हे सगळं या माणसानं आमच्या डोक्यातून काढलं होतं. शेजारची बाई शिंक आली म्हणून थांबली तर तिला उभं करून व्याख्यान दिलं होतं. आणि त्यानंच बाभळीच्या फळीत शुभ उजवा पाय पाडून ठेवला होता.

“देव नदीत सोडले,” मी म्हटलं, “अन् त्यांचा उजवा पाय ठेवून घेतला?”

बानं फळी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, “शुभ-बिभ न्हाई. बैल डावीकडं वळत्यात. तोंड डावीकडं पाहिजे, म्हणून उजवा पुढं.”

“उजवीकडं वळवले तर?”

“कुनी वळवत न्हाई.”

“काहून?”

“न्हाई वळवत कुनी, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी हे तात्यांपर्यंत गेलं, अर्थात त्यांच्या पोरीच्या तोंडून. तात्या चिलीम झटकत बाला म्हणाले, “तुमच्यात बी लक्ष्मी उजव्याच पायानं येती व्हय? आमाला वाटलं, तुमी तिला येऊच देत न्हाई.” सगळे हसले. बाही हसला, पण त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्यानंतर मी नव्या भोकांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “न्हाई. फळीला आणखी भोकं पाडली की ती चिरती. चिरली तर यंदा दुसरी बाभूळ कुठून आणायची? पेरणी राहील. दोन घरांची.”

हे मात्र खोटं नव्हतं. चिरलेली फळी म्हणजे दोन घरांचं ढेकळांचं रान. माझ्या पायासाठी ज्वारी राहिली असती तर मला कुणी माफ केलं नसतं, मीसुद्धा नाही. पण मला हेही दिसत होतं की त्या चार भोकांच्या वेळी फळी चिरेल अशी भीती कुणाला वाटली नव्हती. लाकूड फक्त डाव्या पायाच्या वेळी चिरतं. मोजक्या जागा असतात तिथे नव्यानं येणाऱ्याला नेहमी हेच ऐकवतात की आता आणखी भोक पाडलं तर सगळंच फुटेल.

तात्यांची पोरगी म्हणाली, “किकऱ्यानं ठोकून पाडलं तर चिरंल. जाळून पाडलं तर न्हाई चिरत. आमी मेंढवाड्याच्या मेखांची भोकं तशीच पाडतो.”

“तू कशाला सांगतेस मला?”

“मंग कुनाला सांगू? बैलाला?”

बाजाराच्या दिवशी बा आणि तात्या दोघे कळमनुरीला गेले. आम्ही भर दुपारी अंगणात फळी आणली. चुलीत लोखंडी सळई घातली, लाल झाली की चिंधीनं धरून बाभळीवर टेकवायची. धूर नाकात जायचा. एक भोक व्हायला सळई कितीदा तापवावी लागली त्याला हिशेब नाही. ती फळीवर बसून, दोन्ही हातांनी धरून, तोंड वळवून खोकत होती. मायनं दारातून पाहिलं. “बाप मारंल,” म्हणाली, आणि चुलीत आणखी दोन काटक्या सारून गेली.

भोकं कुठे पाडायची हा खरा प्रश्न. इथे मी पहिल्यांदा तिची नक्कल सोडली. फळीवर उभी राहिले, डोळे मिटले, तिला म्हटलं, हलव. तिनं फळी हलवली. मी सावरले तसे पाय जिथे पडले तिथे कोळशानं खूण केली. अंतर तिच्यापेक्षा वीतभर कमी निघालं. पुढचं डावं पाऊल तिच्यासारखं बैलांकडे पुरतं वळत नव्हतं, थोडं बाहेरच राहत होतं. मागचं उजवं आडवं, आणि गुडघे तिच्यापेक्षा खोल. ती म्हणाली, “म्हैस बसल्यावानी दिसती.” दिसत असेन. पण म्हशीला कुणी ढकलून पाहिलंय का?

मी खूण करत होते आणि ती फळी धरून बसली होती. तेव्हा मला जे वाटलं ते लिहिते. ती मला मदत करत होती, कारण तिला हरायची भीतीच नव्हती. मी जिंकले असते तर ती खडीवर गेली असती, हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती खोकत, डोळे पुसत फळी धरून होती. इतकं मोकळं मन मला का नाही? तिचे पाय घेता येत नाहीत हे मी मान्य करत आले होते. आता तिचं मनही हवंसं वाटायला लागलं. तिचा चांगुलपणा मला तिच्या तोलापेक्षा जास्त खुपला.

फळी चिरली नाही. जुन्या फाशांशेजारी नवे फासे आले. उजवीकडे वळायची बैलांना सवय नव्हती. पण उजवीकडचा बैल आमचा, माझ्या आवाजावर उभा राहणारा. तो जागच्या जागी थांबला की तात्यांच्या बैलाला त्याच्याभोवती फिरून यावंच लागायचं. त्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही दोघींनी त्यांना वळण शिकवलं, ती पुढे वेसण धरून, मी मागे. मी पडले. पण या वेळी पुढे पडले, जिकडे जायचं होतं तिकडे.

दुसऱ्या दिवशी बानं फळी पाहिली. काळ्या भोकात अंगठा घालून फिरवला, कडेनं नख ओढून चीर आहे का ते चाचपलं. नाही म्हटल्यावर फळी उचलून बैलांकडे निघाला.

मग दोघांनी आम्हाला बघितलं. आधी काळ्या रानात. तिथे ती जशी होती तशीच, धुरळ्याचा पंखा उडवत गेली. मी तिच्यामागून फेरे घेतले. पडले नाही, पण तिच्यासारखी गेले असं कुणी म्हणणार नाही. मग बरडावर. मुरमात ढेकळांबरोबर गोटे असतात. तिच्या हलक्या अंगाखाली फळी टणाटण उडायला लागली. जिथे उडाली तिथे ढेकळं तशीच राहिली. ती दोनदा उतरली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हशीसारखी खाली बसले, मागच्या पायावर, आणि फळी जमिनीला चिकटून चालली. हळू चालली. बैल धापा टाकत होते. पण मागे वळून पाहिलं तर रान सारखं झालं होतं. वळणावर मी उजवीकडे झुकले आणि पहिल्यांदा मला वळण समोरून येताना दिसलं. आजवर माझं अंग त्याच्या उलट ओढलं जायचं.

निकाल तात्यांनी दिला. “बरडावर तुमची. काळ्या रानात माझी.” बानं मान हलवली.

ऐकायला हे बरोबरीचं वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, बरड आहे किती? आमचा तो टेकडीच्या पोटाचा तुकडा आणि तात्यांची एक पट्टी. बाकी सगळं काळं. म्हणजे माझी फळी मोजके दिवस, आणि राहिलेले सगळे दिवस खडी. मी भांडले. म्हटलं, काळ्या रानातही आळीपाळी करा, मीही पडत नाही आता. बा म्हणाला, “पेरणीला उशीर झालाय. जी लवकर करती ती करंल.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण माझ्या पायाला भोकं नव्हती ते दिवस कुणाच्या हिशेबात धरायचे? ती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या फाशात उभी होती. मी कालपासून. वेळ तिला दिला आणि परीक्षा दोघींची घेतली.

मी खडीवर गेले. सडकेच्या भरावावरून आमचं रान दिसायचं. लांबवर धुरळा फिरायचा, डावीकडे, नेहमी डावीकडे. हातोडी मारताना मी त्याकडे बघायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, बोटावर बसंल. बसली एकदा. त्याचा राग मी तिच्यावर काढला, मनातल्या मनात. माझी बरडाची पाळी आली की मी पहाटेच उठून फासे ओले करून ठेवायचे, मऊ व्हावेत म्हणून. ते मोजके दिवस मी जितके जगले तितकं त्या वर्षी दुसरं काही जगले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सेनगावकडे. त्या वर्षी अख्ख्या रानात मी उभी राहिले, उजवीकडे वळत. तात्या बांधावर चिलीम ओढत बसायचे. काम चांगलं व्हायचं. पण बांधावर मला टोमणे मारणारं कुणी नव्हतं, आणि मला तिच्या सासरच्या रानाचा हेवा वाटायला लागला.

त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मी तिला विचारलं, “तिकडं उभी राहू देतात का फळीवर?”

“आधी न्हाई म्हनले.” ती माझ्या मायच्या ठेच्यात भाकर बुडवत होती. “मंग सासूला ढकललं.”

“काय?”

“मागून. जरासंच. तिचा बी डावाच पडला. मंग म्हनलं, आत्या, तुमच्यासाठी बी भोकं पाडायची का? आता एक दिवस ती, एक दिवस मी. सासरा बांधावर बसून आमाला शिव्या देतो.”

मी तेव्हा शिकायला नांदेडला असायचे, दिवाळीपुरती घरी आले होते. स्वतः पत्रकं लिहीत होते, बायकांच्या हक्कांवर, मामाच्या छापखान्यात छापून घेत होते, आणि बसस्टँडवर वाटत होते. लोक ती शेंगदाणे बांधायला न्यायचे. आणि हिनं एक धक्का देऊन सासूला फळीवर चढवलं होतं. मला हेवा वाटला. आजही वाटतो. मी तो लपवत नाही, कारण त्यातूनच मला एक गोष्ट नीट दिसली. आम्ही दोघी एकमेकींशी झगडत राहिलो ते एका माणसाच्या जागेसाठी. ती जागा एकीचीच असावी हे आमच्यापैकी कुणी ठरवलं नव्हतं. दोन जोड्या फासे एका फळीवर बसतात. बसलेले मी पाहिलेत. काळ्या रानातही आळीपाळी झाली असती तर उरलेले खडीचे दिवस आम्ही वाटून घेऊ शकलो असतो. त्यासाठी दोघींनी मिळून भांडायचं मला सुचलं तोवर पेरणी आटोपली होती.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते वाचून बाजूला ठेवायचं नाही. यंदा पावसाळा सरला की तुमच्या घरी, नाहीतर शेजारी, फळी बाहेर निघेल. तिच्यावर उभं राहू शकेल अशी प्रत्येक पोरगी, सून, सासू अंगणात बोलवा. पाय कुठे टाकायचे ते तिला सांगू नका, तिला टाकू द्या. मग चुलीत सळई तापवा आणि ती तिच्या हातात द्या. तुम्ही खाली बसा आणि फळी घट्ट धरून ठेवा.